सिनेमा दाखवता, तर दिग्दर्शिकेला बोलूही द्या

प्रति,
महाराष्ट्रात आणि गोव्यात चित्रपट महोत्सव भरवणारे संचालक, निवड समित्या, वेळापत्रक आखणारे आणि मंचावर माइक धरणारे सर्वजण

विषय : चित्रपटानंतरच्या गप्पांना पुरेसा वेळ देण्याबाबत आणि त्या जपून ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

गेली बरीच वर्षं मी तुमच्या महोत्सवांना येते. नोव्हेंबरात पणजी, जानेवारीत पुणे, अधूनमधून मुंबई, जमलं तर कोल्हापूर नाहीतर संभाजीनगर. गळ्यात डेलिगेटचं कार्ड, पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या आणि एक छोटा रेकॉर्डर. सिनेमा करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेणं हे माझं काम. त्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत छापून येतात, काही छापून येतही नाहीत. पोट त्यावर चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तक्रार करणार आहे, पण आधी तुमचं देणं मान्य करते. रिमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ 2017 साली महोत्सवांतून फिरायला लागला. आसाममधल्या छयगावच्या परिसरातलं गाव, गावातलीच पोरं, आणि युनिट म्हणावं असं काही नाहीच. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं बाईंचं. लोकेशनवरचा आवाज टिपला तो नात्यातल्याच मल्लिका दास यांनी. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, शिवाय संकलनाचा, बालकलाकाराचा आणि त्या ध्वनिमुद्रणाचाही. हे सगळं नंतरचं. त्याआधी कुठल्यातरी निवड समितीतल्या माणसाला तो दिसावा लागतो. शेकडो लिंका बघून डोळे चुरचुरत असताना, नाव कधी न ऐकलेल्या बाईची फाइल उघडून ती दहाव्या मिनिटाला बंद न करण्याचा शहाणपणा कुणीतरी दाखवावा लागतो. तो तुमच्यातल्या अनेकांनी वेळोवेळी दाखवला आहे. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ घ्या. मुंबईतले दोन कोळी मित्र, एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासे धरणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात एलईडी दिव्यांवर मासेमारी करणारा. बोली आपली, समुद्र आपला. 2023 च्या सनडान्स या अमेरिकेतल्या महोत्सवात त्याला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. पण थेटरच्या पाटीकडे बघून सिनेमा ठरवणाऱ्या मुंबईकराला तो महोत्सवाबाहेर सहजासहजी भेटला नसता.

तेव्हा निवडीबद्दल माझं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते शेवटची नावांची पाटी वर सरकायला लागल्यावर जे होतं त्याबद्दल.

एका महोत्सवातला दुपारचा खेळ. कुठला महोत्सव ते विचारू नका, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवरचा पहिलाच चित्रपट, दिग्दर्शिका तिशीतली, स्वतःच्या खर्चाने रात्रभर एसटीने आलेली. पाट्या चालू असतानाच दिवे लागले. पाट्यांत टोळीतल्या सगळ्यांची नावं होती, ती उजेडात पुसली गेली. झाडूवाले मामा मागच्या रांगेपासून पॉपकॉर्न गोळा करत खाली यायला लागले, कारण पुढचा खेळ वीस मिनिटांवर. निम्मी माणसं उठून पुढच्या रांगेत उभी राहायला पळाली. सूत्रसंचालक पडद्यासमोर आले. त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता, कॅटलॉगमधला परिच्छेद पाहिलेला होता. पहिला प्रश्न : “एक महिला म्हणून हा चित्रपट करताना काय अडचणी आल्या?” तिने काहीतरी सांगितलं. दुसरा प्रश्न तिसऱ्या रांगेतल्या एका काकांचा, म्हणजे प्रश्न नव्हताच, सहकारी साखर कारखानदारीवरचं मनोगत होतं. तेवढ्यात दारातल्या स्वयंसेविकेने हाताने कात्री चालवल्याची खूण केली. मग शाल, तुळशीचं रोप, स्मृतिचिन्ह, फोटो. “आणखी एक फोटो, इकडे बघा.” सत्कारालाच बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्या सिनेमात एक गोष्ट डोळ्यांत भरावी अशी होती. पहिला जवळजवळ पाऊण तास कुणाचं तोंड नीट दिसत नाही. कमरेखालचं सगळं दिसतं : कोयता, चिखलाने भरलेले पाय, मोळीची गाठ, पाचटात खेळणारं मूल. माझ्या शेजारची मुलगी सिनेमा चालू असताना मैत्रिणीला कुजबुजत विचारत होती, “ही तोंडं का दाखवत नाहीये?” हाच प्रश्न त्या सभागृहातला सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि तो माइकपर्यंत पोचलाच नाही.

मी तो नंतर पार्किंगच्या जिन्यात बसून विचारला. तिथून पुढचा बराच वेळ ती बोलत होती. सुरुवातीचे काही आठवडे कॅमेरा खांद्यावर होता, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, आणि हाती येत होत्या नुसत्या पाठी. ऊस तोडणारा माणूस दिवसभर वाकलेला असतो, त्याचं जग त्या उंचीवरचं. मग तिने कॅमेरा खाली आणला आणि ठरवलं की ही माणसं जेव्हा सरळ उभी राहतील तेव्हाच तोंडं दिसतील. ती सरळ उभी राहतात मुकादमासमोर, उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब होतो तेव्हा. सिनेमात पहिल्यांदा चेहरे दिसतात ते बरोबर त्या प्रसंगात. मी बघताना ते मला जाणवलं होतं, पण असं नेमकं बोट ठेवता आलं नव्हतं. आवाजाचं तर आणखीच. फडात पाचटाची सळसळ इतकी की संवाद ऐकूच येत नाहीत. रेकॉर्डरच्या माइकला वाऱ्यासाठी लावायचं केसाळ कव्हर महाग, म्हणून आठवडी बाजारातून लहान मुलाची फरची टोपी आणून तिने ती माइकवर चढवली. सळसळ कमी झाली, गेली नाही. शेवटी संकलनात तिने काही वाक्यं ऐकू न येणारीच ठेवली, कारण फडात दोन माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा तिसऱ्याला ती तशीच ऐकू येत नाहीत. बॅटऱ्या चार्ज व्हायच्या जवळच्या वस्तीवरच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त सिनेमात गिरणी दाखवा म्हणाला. दाखवली आहे, अर्धं मिनिट.

हे सगळं पडद्यासमोर, दीडशे माणसांत, व्हायला हवं होतं. त्यात सिनेमा शिकणारी मुलं होती, जुने फिल्म सोसायटीवाले होते, ऊसतोडीवर अहवाल लिहिलेले एक गृहस्थही होते असं मागाहून कळलं. ते सगळे शालीला टाळ्या वाजवून गेले.

आता त्या ‘महिला म्हणून’ प्रश्नाबद्दल. तो विचारूच नये असं मी म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण हल्ली उलटही ऐकू येतं : दिग्दर्शक हा दिग्दर्शक, त्यात बाई-पुरुष काय. असतं की. त्याच सिनेमात पहाटे अंधारात कोपीमागे, म्हणजे झोपडीमागे, आंघोळ उरकणाऱ्या बायकांचा प्रसंग आहे. तिथे पुरुष कॅमेरामन उभा राहू शकला नसता, आणि राहिला असता तर त्या बायका तशा बोलल्या नसत्या. तिने स्वतः कॅमेरा हातात घेतला, कॅमेरा कुणाकडे वळवायचा नाही हे आधी बायकांबरोबर ठरवलं, आणि उजेड म्हणून फक्त चूल. हा बाई असण्याचा प्रश्न आहे, पण तो प्रकाशयोजनेचा, अंतराचा आणि परवानगीचाही प्रश्न आहे. असा विचारा. ‘अडचणी काय आल्या’ असा विचारलात की उत्तर येतं, “घरच्यांनी खूप सपोर्ट केला.” हे वाक्य मी इतक्या मुलाखतींत ऐकलं आहे की हल्ली ते आलं की मी रेकॉर्डर बंद करून चहा मागवते. बोलणारीचा त्यात दोष नाही. पोकळ प्रश्नाला ती सभ्य उत्तर देते, एवढंच.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 साली कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाली. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. आपल्याकडे बातम्या आल्या त्या टाळ्या किती मिनिटं वाजल्या आणि छाया कदमांनी कुठली साडी नेसली याच्या. साडीची बातमी मीही आवडीने वाचली, नाही म्हणत नाही. पण त्या सिनेमात छाया कदमांची पार्वती ही गिरणी कामगाराची विधवा आहे. कागद नाहीत म्हणून तिची खोली बिल्डरच्या घशात जाते आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत निघते. कोकणातून गिरण्यांत आणि गिरण्या संपल्यावर पुन्हा कोकणात, हा प्रवास आपल्या किती घरांतला आहे! मुंबईतल्या एका चाळीतल्या बाईच्या कागदपत्रांवरून, मल्याळी परिचारिकांच्या गोष्टीत एका दिग्दर्शिकेला हे दिसतं, तर त्यावर मराठीत तिच्याशी तास-दोन तास बोलणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना मंचावर बोलवा. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडला तो तेरा पुरुषांच्या समितीने. त्यांची निवडही एका दिग्दर्शिकेचीच होती, किरण राव यांची, त्यामुळे सोपा निष्कर्ष काढता येत नाही. पण निवडीच्या टिपणात भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लिहिलं, तेव्हा खोलीत एखादी बाई असती तर ते वाक्य कागदावर उतरलं नसतं असं मला वाटतं.

आता माझ्या मागणीतल्या त्या भागाकडे येते, जो तुम्हाला सर्वांत किरकोळ वाटेल आणि मला सर्वांत मोठा वाटतो : जपून ठेवणं.

फातमा बेगम यांनी 1926 साली मुंबईत ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. स्वतःची कंपनी काढली, स्वतः भूमिका केल्या. त्या सिनेमाची प्रत आज नाही. मूकपटांच्या बाबतीत हे दुःख एकट्या फातमाबाईंचं नाही, त्या काळातला बहुतेक सिनेमा गेला. पण प्रत गेली तरी माणूस काय बोललं ते उरू शकतं. परीकथा पडद्यावर आणताना ट्रिक फोटोग्राफी कशी केली, सेटवर बाईचा हुकूम कसा ऐकला गेला, पैसा कुठून आला, हे कुणी सविस्तर विचारून लिहून ठेवलं असतं तर सिनेमा हरवूनही ती दिग्दर्शिका आपल्याला भेटली असती.

उलटं उदाहरणही आपल्याच गावचं आहे. फाळक्यांच्या 1913 च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्याआधी बायकांची कामं पुरुष करत. कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. त्या नव्वदीच्या घरात असताना रीना मोहन या एफटीआयआयमध्ये, म्हणजे पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत, संकलन शिकलेल्या मुलीने पुण्यात त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यावर माहितीपट केला, ‘कमलाबाई’. तो पाहिला नसेल तर जरूर मिळवून पाहा. म्हातारी प्रश्न विचारणाऱ्यांना हवं तसं बोलत नाही, मधेच नाटकातला उतारा म्हणून दाखवते, लाडीगोडीला बधत नाही. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या नायिकांपैकी एकीचा आवाज आपल्याकडे आहे, कारण एका तरुण मुलीने चिकाटीने जाऊन विचारलं आणि जे आलं ते कापूनछाटून गोंडस केलं नाही. मुलाखत हे महोत्सवाच्या पुरवणीतलं तोंडी लावणं नव्हे, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

आणि सुमित्रा भावे. त्यांच्याबद्दल पुण्यातल्या माणसाने पुण्यातल्या माणसांना काय सांगावं! पण त्यांचा सिनेमाच मुळात मुलाखतींतून निघाला हे विसरलं जातं. त्या समाजकार्य शिकवणाऱ्या, वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक. आठ दलित स्त्रियांनी सांगितलेल्या आपल्या आयुष्यांचं त्यांचं पुस्तक 1988 साली गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादाने इंग्रजीत आलं. संशोधन ज्या बायकांवर केलं त्यांच्यापर्यंतच ते पोचत नाही, त्या वाचणार कशा, या अडचणीतून 1985 साली ‘बाई’ हा लघुपट झाला, तोवर त्यांनी चाळिशी ओलांडलेली. मग सुनील सुकथनकरांच्या साथीने ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’. ‘कासव’ला 2017 साली सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं. एप्रिल 2021 मध्ये त्या गेल्या. या सगळ्या वर्षांत तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मंचांवर त्या बसल्या, तरुण मुलांशी बोलल्या, वादही घातले. त्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात आहेत? हा टोमणा नाही, खरोखर विचारते आहे. असतील तर मला येऊन ऐकायची आहेत. हार्ड डिस्क बंद पडली असेल तर ती दुरुस्त करणारी माणसंही आपण शोधू.

महिला विशेष विभागाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलून सगळेच थकले आहेत. फ्रान्समध्ये क्रेतेईचा स्त्रियांच्या चित्रपटांचा महोत्सव 1979 पासून चालू आहे, दिल्लीत आयएडब्ल्यूआरटी या रेडिओ-टीव्हीतल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आशियाई स्त्रियांचा महोत्सव 2005 पासून. तिथे कार्यक्रम बायकाच ठरवतात आणि चर्चा सिनेमाची होते. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. आपल्याकडे मात्र पुष्कळदा होतं असं की मुख्य विभागात जागा नाही म्हणून चार चित्रपट ‘नारीशक्ती’सारख्या नावाखाली एकत्र येतात, सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो, आणि चौघींना एकाच परिसंवादात बसवून एकच प्रश्न चार वेळा विचारला जातो. एकीचा भयपट, एकीचा कीटकांवरचा माहितीपट, एकीची प्रेमकथा, एकीचा अॅनिमेशनपट. त्यांच्यात साम्य शोधायला लावणं म्हणजे एकाच आडनावाच्या चार अनोळखी माणसांना लग्नात एका पंगतीला बसवणं. त्यापेक्षा भयपटवाली भयपट करणाऱ्या पुरुषाशेजारी बसली तर दोघंही भीतीबद्दल बोलतील, आणि ऐकायला मजा येईल.

भाषेचंही एक आहे. विदर्भातून, तळकोकणातून आलेली दिग्दर्शिका मराठीत सुरुवात करते, आणि मंचावरून सूचना येते, “इंग्लिश प्लीज, वी हॅव फॉरेन गेस्ट्स.” ती जे दहा वाक्यांत सांगणार होती ते दोन तुटक वाक्यांत आटोपतं. परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषा बसवा. इराणी, कोरियन दिग्दर्शकांसाठी तुम्ही आवर्जून बसवताच. पणजीत कोकणीतून बोलणाऱ्यांनाही तोच मान द्या.

तर मागणं काय? वेळ. चित्रपट संपल्यापासून पुढचा खेळ सुरू होईपर्यंत निदान पाऊण तास, त्यातला अर्धा तास बोलणं. पाट्या संपेपर्यंत दिवे लावू नका. सत्कार आधी उरका, चित्रपट सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नंतरचा वेळ बोलण्याला राहील. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याच्या हातात माइक देऊ नका, मग तो कितीही मोठा असो. त्याऐवजी सिनेमाची, त्या विषयाची किंवा त्या मुलखाची जाण असलेलं कुणीतरी शोधा. ऊसतोडीच्या सिनेमानंतर बीडमधली शाळामास्तरीण बोलायला बसली तर काय बिघडेल?

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. पडद्यांचं भाडं तासावर आहे, अनुदान वेळेवर येत नाही, चित्रपट कमी केले तर डेलिगेट ओरडतात. खरं आहे. मीही ओरडणाऱ्यांतली आहे, दिवसाला पाच सिनेमे बघायची खाज मलाही आहे. तरीसुद्धा म्हणते, एका पडद्यावरचा रोजचा एक खेळ कमी करा. सगळ्या पडद्यांवर नको, फक्त जिथे पहिला-दुसरा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकांचे खेळ आहेत तिथे. अशा सिनेमाला तुमच्यानंतर थेटर मिळेल न मिळेल, ओटीटीवाले फोन उचलतील न उचलतील. इराणच्या किंवा फ्रान्सच्या नावाजलेल्या दिग्दर्शकाचा सिनेमा आज चुकला तर उद्या कुठेतरी मिळतो, हिचा मिळेलच असं नाही. आणि त्या दुपारी ती स्वतः समोर उभी असते.

ध्वनिमुद्रणाला तर खर्च नाहीच म्हणा. सभागृहातल्या मिक्सरमधून एक वायर काढून रेकॉर्डरला लावली की आवाज स्वच्छ येतो. कॅमेरा हवाच असं नाही. दिग्दर्शिकेची लेखी संमती घ्या, फाइलला तारीख, चित्रपट, बोलणाऱ्यांची नावं आणि भाषा अशी नीट नावं द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि एक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला देऊ करा. चित्रपट जपायला 1964 साली आपल्याकडे संग्रहालय निघालं, त्या चित्रपटांबद्दलचं पुष्कळसं बोलणं मात्र अजून माणसांच्या फोनमध्ये आणि आठवणीत पडून आहे. लिहून काढण्याचं काम पत्रकारिता आणि चित्रपट शिकणारी मुलं आनंदाने करतील. मी शिकवायला तयार आहे, कारण बोललेलं मराठी लिहिताना त्याचं प्रमाणभाषेत लोणचं न घालणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

आकडेही जाहीर करा. कानने 2018 साली ज्या करारावर सही केली त्यात फार क्रांतिकारक असं काही नव्हतं : आलेल्या प्रवेशिकांत दिग्दर्शक स्त्री किती, पुरुष किती याची नोंद ठेवायची आणि निवड समितीत कोण आहे ते लपवायचं नाही. त्याच वर्षी तिथल्या पायऱ्यांवर 82 बायका उभ्या राहिल्या होत्या, 1946 पासून स्पर्धेत आलेल्या स्त्री-दिग्दर्शकांच्या चित्रपटांएवढ्या. अशी नोंद आपल्याकडे असेल तर कळेल की बायकांच्या प्रवेशिकाच कमी येतात की येऊन गळतात. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. प्रवेशिकाच येत नसतील तर प्रश्न पैशाचा आहे, आणि तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही. केरळच्या चित्रपट महामंडळाने दरवर्षी दोन स्त्रियांना चित्रपटासाठी प्रत्येकी दीड कोटींपर्यंत निधी द्यायची योजना काढली. त्यातून श्रुती शरण्यम यांचा ‘बी 32 मुतल 44 वरे’ आला, बायकांच्या छातीबद्दल आणि त्यावरून त्यांना सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींबद्दल मोकळेपणाने बोलणारा. आपल्याकडे ज्या पाटलीणबाईंनी अरुणा राजे या नावाने एफटीआयआयमध्ये तंत्र शिकून संकलनापासून सुरुवात केली आणि 1988 साली ‘रिहाई’ काढला, त्यांच्यासारख्यांची परंपरा असताना महाराष्ट्र शासनाला अशी योजना सुचू नये याचं नवल वाटतं. पण ते दुसरं पत्र. केरळच्या तिरुवनंतपुरम महोत्सवाचं आणखी एक घेण्यासारखं म्हणजे तिथला ओपन फोरम, डेलिगेट आणि दिग्दर्शक एकाच पातळीवर, आरडाओरड्यासह. आपल्याला आरडाओरडा नको असेल तर नको, फोरम तेवढा घेऊ.

माझ्याकडे आजवरच्या मुलाखतींची मुद्रणं आहेत. बऱ्याच ठिकाणी मागे कपबशांचा आवाज आहे, एकीत तर पूर्ण वेळ कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत आहे. ज्या दिग्दर्शिकांची संमती आहे त्या सगळ्यांची मुद्रणं मी कुठल्याही महोत्सवाच्या संग्रहाला विनामूल्य द्यायला तयार आहे. अट एकच, ती कुलपात ठेवायची नाहीत, कुणीही येऊन ऐकू शकलं पाहिजे.

यंदाच्या महोत्सवांची वेळापत्रकं अजून कच्ची असतील. एकदा पडद्यांचं बुकिंग झालं की त्यात पाच मिनिटंही इकडची तिकडे होत नाहीत, हे तुमच्याकडच्याच एका स्वयंसेवकाने मला सांगितलं आहे. तेव्हा जमणार असेल तर त्याआधी कळवावं. नाही जमणार असेल तरीही कळवावं, म्हणजे मी पार्किंगच्या जिन्यातली जागा धरून ठेवेन.

आपली,
तिसऱ्या रांगेच्या कडेला बसणारी एक डेलिगेट